शनिवारी शाळेत येऊ नका

फोन सकाळी नऊच्या सुमारास आला. बीडला पालीच्या रस्त्यानं फिरून आलो होतो आणि नुकताच चहा घेत बसलो होतो. नंबर ओळखीचा नव्हता, आवाजही नव्हता. "सर, गयामावशी गेली," एवढंच तो म्हणाला. कोण बोलतंय, असं मी विचारलं. त्यानं नाव सांगितलं. आठ वर्षं हा मुलगा माझ्याशी धड एक वाक्य बोलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्याशी बोलायची हिंमत केली नव्हती. त्याचं खरं नाव इथं लिहीत नाही, ओंकार म्हणू. हा लेख लिहू का, असं मी त्याला नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "लिवा सर. माझं नाव बदला, पर मावशीचं बदलू नका." म्हणून गयाबाईंचं नाव तेवढं खरं आहे.

गयाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. गेवराई तालुक्यातल्या एका हायस्कूलचा मी अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो. तिथं मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. तिच्यात दोन चुली, एक भलंमोठं पातेलं आणि ह्या बाई. पाचवी ते आठवीच्या पोरांचा पोषण आहार त्यांच्याकडं होता. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. दिवाळी झाली की नवरा कळप घेऊन गोदाकाठाला निघायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा, ह्या मात्र शाळेसाठी गावात थांबायच्या. मी शिस्तीचा माणूस (शिस्तीचा म्हणजे खेकसणारा, असं माझी बायको म्हणते). मला पोरं इयत्तेप्रमाणं, हजेरीच्या नंबरानं जेवायला बसलेली हवी असायची. गयाबाई दाद द्यायच्या नाहीत. ज्याला जिथं बसायचं तिथं बसू द्यायच्या, आणि वाढताना पोराच्या ताटात बघायच्या आधी त्याच्या शेजारी बघायच्या. एकदा मी चांगलाच तापलो. ही शाळा आहे, लग्नाची पंगत नाही, म्हणालो. पळीतली खिचडी खाली पडू न देता त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या नंबरानं बसवलं की मला कायबी दिसत न्हाई. काल जिच्यासंगं बसली व्हती तिच्यासंगं आज बसली न्हाई, मंजी कायतरी झालंय. पोरगं किती खातंय ते मागनं बघा. पयले कुनापाशी बसतंय ते बघा." सातवीतल्या एका मुलीचं घरच्यांनी गुपचूप लग्न ठरवलंय हे त्यांना असंच सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ते लग्न थांबलं. तालुक्याच्या सभेत त्याबद्दल हार मात्र मी घालून घेतला.

माझीही गावात एक ख्याती होती. 'मिटवणारे सर' म्हणायचे मला. आमच्या भागात भांडण मिटवायची एक रीत आहे. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं, वडीलधाऱ्यानं दोघांनाही चार शब्द सुनावायचे, मग गळाभेट, मग एकमेकांच्या तोंडात पेढा घालायचा आणि फोटो काढायचा. फोटो निघाला की भांडण संपलं. त्यानंतर कुणी कुरकुर केली तर लोकच त्याला झाडतात, "पेढा खाल्लास न्हवं बे, मंग आता कावून?" बांधाच्या भांडणापासून पळून जाऊन केलेल्या लग्नापर्यंत सगळं आम्ही असंच मिटवतो. मी ही रीत शाळेत आणली होती आणि मला तिचा मोठा अभिमान होता. ऑफिसच्या कपाटात पेढ्यांचा पुडा कायम असायचा. हसू नका, खरंच असायचा.

ओंकार तेव्हा आठवीत होता. वडील तो चौथीत असताना गेलेले. आई दिराच्या घरी, दिवसभर चुलीशी आणि गोठ्यात. तो दीर म्हणजे आबासाहेब, शंभर एकरांचे बागायतदार आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पोळ्यानंतर कधीतरी दहावीतल्या दोन पोरांनी ओंकारला शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गाठलं, कान धरून बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या, आणि प्रत्येक उडीला मेलेल्या बापाच्या नावानं शिवी द्यायला लावली. त्याचा व्हिडिओ काढला. दोन दिवसांत तो गावातल्या प्रत्येक फोनमध्ये गेला. माझ्याकडंच तिघांकडून आला. मी काही करणार तेवढ्यात आबासाहेबांचा फोन आला. त्या पोरांपैकी एकाचा बाप सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्या पॅनलमध्ये होता. "सर, मिटवा लवकर," ते म्हणाले. मी मिटवलं. ऑफिसात तिघांना उभं केलं, गळाभेट झाली, पुडा उघडला. ओंकार पेढा हातात धरून उभा होता आणि त्या दोघांतल्या एकानं तोंडाचा आ केला होता. "घाल की रे, लाजतो काय नवरीसारखा!" मी म्हणालो आणि ऑफिसात सगळे हसले. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी ओंकारला पुढं बोलावून सगळ्या शाळेसमोर म्हणायला लावलं, 'माझी कोणाबद्दल काही तक्रार नाही.' त्यानं ते म्हटलं, खणखणीत आवाजात म्हटलं. आपण पोराला धीट केलं, असं मला वाटलं.

पुढं दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, नांगराचा फाळ, आता ट्रॅक्टरही. आणि ज्यांच्या घरी परवान्याचं पिस्तूल आहे तिथं तेही पाटावर मांडून त्याला हळदीकुंकू लागतं. आमच्या भागात कमरेला पिस्तूल असणं ही संरक्षणापेक्षा मानाची गोष्ट, जशी पूर्वी घोडी असायची. लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला, मोठ्या माणसाच्या शर्टाचा कोपरा मुद्दाम वर सरकलेला असतो. त्या दसऱ्याला ओंकारनं आबासाहेबांचं पूजेतलं पिस्तूल हातात धरून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. सुट्टीभर तो रोज पुन्हा टाकत होता. मी पाहिला. शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी पाहिला. आम्हाला कुणालाच काही वाटलं नाही, कारण गावातल्या निम्म्या पोरांचे फोटो तसेच असतात. आज ते आठवलं की मला माझीच शरम वाटते. जी गोष्ट सगळीकडं दिसते ती धोक्याची असूच शकत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

गयाबाईंकडं फोन होता तो बटणांचा, त्यांना स्टेटस वगैरे कुठलं दिसणार! पण ओंकार पेढ्याच्या दिवसापासून शेवटच्या खांबाजवळ भिंतीकडं तोंड करून बसतो आणि अर्धं ताट टाकतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, मोठ्या घरचं पोर आहे, घरी तूप-पोळी खात असेल. मग जानेवारी लागला आणि पोरगं एकदम बदललं. हसायला लागलं, पोटभर जेवायला लागलं. मी त्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं, "बघा, मिटलं की नाही?" त्यांचा चेहरा काही खुलला नाही. "त्याचंच भ्या वाटतंय सर," त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात ओंकारनं आपली बॅट पाचवीतल्या एका पोराला देऊन टाकली होती, कंपासपेटी दुसऱ्याला. विचारलं तर म्हणे, मला आता लागत नाही. परगावी शिकायला चाललाय का, हे गयाबाईंनी त्याच्या आईकडून काढून घेतलं. तसं काही नव्हतं.

आणि मग तो गुरुवार. जेवणं झाली, पोरं टाकीवर हात धूत होती. ओंकार मागं रेंगाळला, पातेलं उचलायला हात लावला आणि हळूच म्हणाला, "मावशी, शनिवारी शाळेत येऊ नका." शनिवारी सकाळची शाळा, सगळी पोरं आणि सगळे शिक्षक कवायतीला मैदानावर. गयाबाई पातेलं तसंच ठेवून ओल्या हातानं माझ्या ऑफिसात आल्या. मी शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासत होतो.

"पोरं काहीही बोलतात," मी म्हणालो.

"काहीबी बोलतात ते सगळ्यायला बोलतात सर. त्यानं मला एकटीला सांगितलं. म्या मरू नये असं वाटलं त्याला, म्हून सांगितलं."

"मरू नये? कोण मारतंय तुम्हाला? गयाबाई, ते प्रकरण मी मिटवलंय. तुम्ही उगाच..."

"एकादं मेंढरू कळप सोडून उभं ऱ्हायलं तर आमी त्याला असंच सोडीत न्हाई. कुठं दुखतंय ते बघतो. ह्ये तर मान्साचं लेकरू हाय." त्यांचा आवाज चढला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मला ते आवडलं नाही. तुम्ही खिचडीचं बघा, असं मी म्हणालो आणि फॉर्मवर मान घातली... तो फॉर्म कुणाचा होता, त्यावर काय त्रुटी होती, हेसुद्धा मला आजही आठवतं. बाईंचा चेहरा मात्र आठवत नाही, कारण मी वर पाहिलंच नाही.

शुक्रवारी दुपारी पातेली घासून त्या सरळ आबासाहेबांच्या बंगल्यावर गेल्या, मागच्या दारानं, ओंकारच्या आईकडं. आबासाहेब मुंबईला मंत्रालयात कामासाठी गेले होते आणि तिथं आत पिस्तूल नेऊ देत नाहीत म्हणून ते घरी कपाटात होतं. असायला हवं होतं. दोघींनी कपाट उघडलं तर जागा रिकामी. आई बाकीचे कप्पे चाचपायला लागली. गयाबाई ओंकारच्या खोलीत गेल्या. तो कॉटवर बसला होता, शेजारी दप्तर. त्या ओरडल्या नाहीत, दप्तराला हात लावला नाही. खाली फरशीवर बसल्या आणि सरळ विचारलं, "बाळा, कुनाला मारायचं हाय तुला?" आमच्यापैकी कुणीही हा प्रश्न असा विचारला नसता. आम्ही 'काय झालं', 'कुणी काही बोललं का', असं आडून आडून विचारलं असतं आणि त्यानं 'काही नाही' म्हटलं असतं. ओंकार दोन तास बोलला. शेवटी त्यानं स्वतःच दप्तर त्यांच्याकडं सरकवलं. कवायतीच्या पांढऱ्या शर्टात गुंडाळलेलं होतं. त्या दोघी त्याच्या खोलीत त्याच्यासोबत बसून राहिल्या, आबासाहेब पहाटे परत येईपर्यंत. हे सगळं मला पुढं ओंकारच्या आईनं सांगितलं.

शनिवारी सकाळी आबासाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. सोफ्यावर ते एकटेच होते, दप्तरात पिस्तूल सापडल्याचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. "घरातली गोष्ट हाय सर. मिटली," ते म्हणाले. माझाच शब्द. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. मी पोलिसांना कळवलं नाही. शाळेच्या कुठल्या कागदावर एक ओळ लिहिली नाही, त्या दोन पोरांच्या पालकांना बोलावलं नाही, ओंकारशी बोललो नाही. अर्ध्या तासानं कवायत नेहमीसारखी झाली. आबासाहेबांचा परवाना तसाच राहिला, पिस्तूल तसंच राहिलं, फक्त कपाटाला नवं कुलूप आलं. गयाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पोराला मनाच्या डॉक्टरला दाखवायचं, असं त्यांनी त्याच्या आईच्या डोक्यात बसवलं आणि दर पंधरा दिवसांनी दोघी त्याला एस.टी.नं बीडला नेऊ लागल्या. गावात सांगायचं, पोटाचा आजार आहे. लोकांनी पोटाचा आजार लगेच मान्य केला.

पण खिचडी शिजवणारी बाई अध्यक्षांच्या कपाटापर्यंत पोहोचली, ही गोष्ट बंगल्याच्या पचनी पडली नाही. मार्चमध्ये आबासाहेब मला म्हणाले, खिचडीचं काम दुसऱ्या बचत गटाला देऊन टाका. कारण विचारायची गरज नव्हती. मी ठराव लिहिला. 'स्वच्छतेबाबत तक्रारी' असं कारण घातलं... ज्या बाईच्या पातेल्यात तोंड दिसायचं, तिच्याबद्दल मी हे माझ्या अक्षरात लिहिलं. गयाबाईंनी वाद घातला नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "ओंकारपाशी कोन बसंल आता?" मी म्हणालो, बघतो. मी बघितलं नाही. बसला तो एकटाच, पण दर पंधरा दिवसांनी एस.टी.त बसत राहिला, आणि दहावी झाला. आज तो उमापूरला मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो.

गयाबाईंची-माझी शेवटची भेट दोन वर्षांपूर्वी उमापूरच्याच बाजारात झाली. मी निवृत्त होऊन बीडला राहायला आलो होतो, तिकडं एका नातेवाइकाकडं गेलो होतो. त्यांनीच हाक मारली. खूप वाळल्या होत्या, पण आवाज तोच. माझ्या शुगरची चौकशी केली. मी चाचरत म्हणालो, गयाबाई, त्या वेळी मी जे केलं ते... "जाऊ द्या सर," त्या म्हणाल्या. मग विषय तोडून विचारलं, "आता म्हनं शाळंत खिचडी गाडीतून येती? वाढनाऱ्या बाया रोज नव्या. त्या लेकरायला कवा वळखतील?" एखाद्या पोरानं शाळेत हत्यार चालवल्याची बातमी कुठूनही आली की टीव्हीवर एक वाक्य हमखास असतं, 'कुणाला कल्पनाच नव्हती.' मी चॅनल बदलतो. कल्पना असते हो. पोरगं सांगतं. कधी फोटो लावून सांगतं, कधी बॅट देऊन टाकून सांगतं, कधी तोंडानं सांगतं. ओंकारनं तिन्ही केलं होतं. ऐकणारी एक बाई होती म्हणून वाचलो, आणि तिला आम्ही कामावरून काढलं.

तेराव्याला मी गेलो. लोक पांगल्यावर ओंकार माझ्याजवळ येऊन बसला. दाढी राखलीय, हाताला वार्निशचा वास. मी आठ वर्षं न विचारलेला प्रश्न विचारला. त्या दोन पोरांनाच ना रे?

"तिघं व्हते," तो म्हणाला. जमिनीकडं बघत होता. "पयलं नाव तुमचं व्हतं सर."

माझं का, असं मी विचारलं.

"त्यायनी व्हिडिओ काढला, ते तर पोरं व्हते. तुमी मला त्यायच्या तोंडात पेढा घालायला लावला." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. "आता तसं काय न्हाई सर. कवाच न्हाई. पर तवा व्हतं."

"गयाबाईंना माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं म्या."

"मग त्या मला का नाही बोलल्या?"

"म्या बी इचारलं तिला. म्हनली, सरायला कळलं तर ते तुला भितील, अन् तुला त्या शाळंत अजून दोन वर्स काढायचेत."

मी बीडला परतलो. एस.टी.त खिडकीशी बसलो आणि कधी नव्हे ते आठवलं. त्या शनिवारनंतर, म्हणजे जानेवारीपासून त्यांना काढलं त्या मार्चपर्यंत, गयाबाई रोज प्रार्थनेला यायच्या. आधी कधी येत नसत. मी ओट्यावर उभा असायचो, समोर पोरांच्या रांगा, आणि ह्या हातात पळी घेऊन ओट्याच्या पायरीवर, बरोबर माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहायच्या. तुमचं इथं काय काम, असं मी सगळ्यांदेखत विचारलं होतं. "आधन ठिवलंय सर, उकळायला येळ हाय," म्हणाल्या होत्या आणि पदर खोचून तिथंच उभ्या राहिल्या होत्या. मी रोज त्यांना बाजूला सरकायला सांगायचो. त्यांच्यामुळं मला आठवीची रांग दिसत नव्हती.